डाव्या खांद्यातली घडी

माझ्या नणंदेला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, खांदे राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते. आता आमच्या नात्यात हा शब्द कुणी वापरत नाही, सगळ्या जणी ताई म्हणून मोकळ्या होतात. पण सासूबाईंनी शिकवला तो माझ्या तोंडात बसला तो बसलाच. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी वन्संनी मला पाठमोरी उभी केली, दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "शाळेत दप्तर उजव्याच खांद्यावर नेत होतीस ना गं?" मी हो म्हटलं. "वाटलंच," म्हणाल्या आणि पुन्हा भांडी लावायला निघून गेल्या.

त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या. लांबलचक शेड, वर पत्रा, रांगेनं मशिनं आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक दिवा. तिथं अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. एकीकडे कॉलर, एकीकडे बाह्या, एकीकडे खिसे, शेवटी काजं. हाकाही तशाच मारायच्या. "ए कॉलर, चहा आलाय." "आज खिसे दिसल्या नाहीत कुठं?" वन्संना सगळ्या जणी 'खांदे' म्हणत. "आम्ही सगळ्या मिळून एक माणूस होतो," त्या सांगायच्या. "त्यात काजवाली रजेवर गेली की तो माणूस दिवसभर उघडाच."

पोस्टमन, दवाखान्याचे रखवालदार, शाळेतली मुलं, पोलिस, सगळ्यांचे खांदे त्यांच्या हाताखालून गेले. रस्त्यानं चालताना समोरून कोण येतंय हे त्या बघत नसत. त्याला पुढं जाऊ देत, मग मागे वळून बघत आणि म्हणत, "हा आमचा."

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचे. बारीक, शांत माणूस. निवृत्त झाल्यावर घराबाहेर पडायचं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं. "माझं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं," म्हणायचे, "आडवं चालायची सवयच नाही." दोघांना एकच मुलगा. लहानपणापासून बोलायचा कमी, म्हणून त्याला सगळे गप्प्या म्हणत. घरी आला की मला "मामी" एवढी एक हाक मारायचा आणि मग स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहायचा. मी बोलत राहायची, तो ऐकत राहायचा. त्याला कंटाळा आला असं मात्र कधी वाटलं नाही.

हा गप्प्या शाळेत असताना भिंतीवरून पडला आणि त्याचं डाव्या खांद्याचं हाड मोडलं. जुळलं, पण तो खांदा कायमचा बोटभर खाली राहिला. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. वन्संना घरात दुसरं काही दिसेना. त्याचे सगळे शर्ट त्यांनी डावीकडे उसवून पुन्हा शिवले.

पुढं तो सशस्त्र पोलिसांत भरती झाला. भरतीच्या दिवशी डाव्या बुटात कागदाची घडी घालून रांगेत उभा राहिला होता. हे त्यानं आईलाच सांगितलं, आणि सांगताना हसला होता. निवड झाली. पण प्रशिक्षणात बंदुकीचा पट्टा डाव्या खांद्यावरून सारखा घसरायचा, आणि घसरला की शिकवणारा सगळ्यांसमोर ओरडायचा. पहिल्या सुट्टीत गप्प्या दोन्ही शर्ट घेऊन घरी आला आणि आईच्या पुढ्यात ठेवले. वन्संनी विचार करायला वेळ लावला नाही. भाऊजींचा लिफ्टवरचा जुना कोट काढला, त्याच्या जाड कापडाच्या दोन चौपदरी घड्या केल्या आणि दोन्ही शर्टांत डाव्या खांद्यावरच्या पट्टीखाली आतून अशा शिवल्या की बाहेरून टाका दिसू नये. गप्प्यानं शर्ट घातला. खांद्यावर भरलेली पिशवी अडकवून घरभर चालून दाखवलं. पिशवी जागची हलली नाही.

"आता ओरडू दे म्हणावं," वन्सं म्हणाल्या.

भाऊजी म्हणाले, "माझा कोट शेवटी पोलिसांत लागला."

असे काही महिने बरे गेले. मग एका शहरात बाजारात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आम्ही टीव्हीवर बघितलं. पोलिसांची एक रांग गुडघ्यावर बसलेली, मागं एक रांग उभी, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे काच. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. वन्सं उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मागच्या रांगेत, शेवटचा." आणि तिथंच बसून राहिल्या. बातम्या संपून हवामान सुरू झालं तरी उठल्या नाहीत.

त्यानंतर गप्प्या घरी आला नाही. फोन करायचा. दर वेळी वेगळा नंबर. बंदोबस्तावर मोबाइल ठेवू देत नाहीत म्हणाला. कुठल्या शहरात आहे तेवढं सांगायचा, जेवलो म्हणायचा आणि ठेवायचा. त्या बाजाराविषयी त्यानं काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आम्ही पोलिसांच्या मुख्य कचेरीत गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं सांगितलं की कुणाची नेमणूक कुठं आहे हे बाहेरच्यांना सांगत नाहीत.

"मी आई आहे त्याची," वन्सं म्हणाल्या.

"मग बरंच झालं की. त्यालाच विचारा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

दारातून बाहेर पडताना वन्सं म्हणाल्या, "मला त्याच्याशी बोलायचं नाहीये काही. एकदा डोळ्यांनी बघायचाय. लांबून दिसला तरी चालेल." आणि पुढच्या फोनवर त्यानं ज्या शहराचं नाव सांगितलं, तिथली बस त्यांनी पकडली. एकट्या नकोत म्हणून घरच्यांनी मला बरोबर धाडलं.

तेव्हापासून आम्ही दोघी जात आलो. शहरांची नावं बसच्या पाटीवर असतात तेवढीच. वन्संच्या बोलण्यात ती पायांना जशी लागली तशी राहिली. पुलांचं शहर. चढाचं शहर. चिकट रस्त्याचं, म्हणजे जिथं नवं डांबर घातलं होतं आणि त्यांच्या चपलेचा तळ निघून आला ते. बसमधून उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि चालायला लागायचं. रिक्षा-टॅक्सी नाही. "गाडीतून खांदे दिसत नाहीत," हे त्यांचं एकच उत्तर.

पुलांच्या शहरात त्यांनी सुरुवातच चुकीची केली. स्टँडबाहेर एक फळवाला होता, त्याला विचारलं, "इथं बंदुकीवाले पोलिस कुठं कुठं असतात हो?"

तो केळी मोजत होता, थांबला. "का हो काकू?"

"बघायचेत."

"लोक त्यांना चुकवायला बघतात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "बऱ्या आहेत ना?"

मी घाईघाईनं सांगितलं की मुलगा पोलिसात आहे. मग त्यानं कोर्ट, मोठी बँक आणि नदीपलीकडचा चौक असं सगळं सांगितलं. आम्ही निघालो तसा मागून ओरडला, "फार जवळ जाऊ नका पण!"

वन्संना जवळच जायचं होतं. सगळ्यांचं हेल्मेट सारखं, काच सारखी, उंची थोडी इकडेतिकडे. गप्प्या ओळखू येणार तो डाव्या पट्टीखालच्या त्या घडीच्या फुगवट्यावरून. त्यासाठी डाव्या बाजूनं, जरासं मागून बघावं लागतं. म्हणून वन्सं कोर्टाच्या फाटकावरून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या, आणि दर वेळी प्रत्येक शिपायाच्या मागे जाऊन त्याच्या डाव्या खांद्याकडे मान वाकडी करून बघत राहिल्या. मी आपली मागोमाग, हातात पाण्याची बाटली.

तिसऱ्या फेरीला एक साहेब आले. बरोबर एक बाई शिपाई, तिच्या गळ्यात आडवी बंदूक.

"काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. बघत होते," वन्सं म्हणाल्या.

"काय बघत होतात?"

"खांदे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगायला लागले, तर म्हणाले, "तुम्हाला नंतर विचारतो. पिशवी दाखवा."

पिशवीत डबा निघाला, टॉवेल निघाला, आणि मग वन्संची शिवणाची डबी. त्यात सुया, दोन रिळं, अंगुस्तान आणि छोटी कात्री.

"ही कात्री कशाला?"

"दोरा तोडायला."

"कोर्टात दोरा कसला तोडताय?"

"मी कुठं कोर्टात आले? मी बाहेरच आहे की."

बाई शिपायानं ओठ घट्ट मिटून घेतले. साहेबांनी आमची ओळखपत्रं बघितली, मुलाचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचाही आवाज जरा खाली आला. तो इथं नाही म्हणाले. असता तरी सांगता आलं नसतं म्हणाले. पुन्हा मागून येऊ नका, हातात बंदूक असलेल्या माणसाच्या मागून कधीच जाऊ नये, हेही समजावलं. आणि आत गेले.

बाई शिपाई थांबली होती. तरुण होती. इकडेतिकडे बघून तिनं हळूच विचारलं, "माझा कुठला खांदा खाली आहे हो?"

वन्संनी तिला मागून बघितलं. "एकही नाही. दोन्ही वर धरलेत तुम्ही. सोडा जरा."

तिनं सोडले. क्षणभर तशी उभी राहिली. मग फाटकातून गाडी आत गेली आणि तिचे खांदे पुन्हा होते तिथं गेले.

आधी बंदूक दिसली की मी रस्त्याची दुसरी बाजू धरायची. नजर खाली घालून मी भरभर चालायची. मग ते कधी गेलं कळलं नाही. इतके चौक, इतकी फाटकं, वाळूच्या पोत्यांच्या आड उभे इतके लोक बघितले की बंदूक म्हणजे एक पट्टा आणि त्याला लटकलेलं ओझं, एवढंच उरलं. पट्टा उजवीकडे असला की आम्ही पुढं जायचो. डावीकडे असला की थांबायचो. कधी कुणी हटकलं, कधी कुणी नाव-पत्ता लिहून घेतला, एका ठिकाणी बाकावर बसवून ठेवलं आणि सोडताना चहा दिला. वन्संनी सगळीकडे तेच सांगितलं, त्याच शब्दांत, जराही न चिडता. बोलताना त्या समोरच्याच्या बटणांकडे बघायच्या. एखादं सैल दिसलं की म्हणायच्या, "हे पडेल हो." मग पुन्हा चालणं. दुपारी कुठल्या तरी बागेत डबा खायचा. चव कळायची नाही. माझे पाय दुखायचे, वन्संचे बहुतेक जास्त दुखत असतील, पण त्या बोलायच्या नाहीत आणि मीही विचारेनाशी झाले. संध्याकाळच्या बसनं परत यायचो तेव्हा भाऊजी दार उघडायचे, आमच्या तोंडाकडे बघायचे आणि पाणी आणायला आत जायचे.

मागच्या उन्हाळ्यात गप्प्यानं फोनवर चढाच्या शहराचं नाव सांगितलं.

ते सगळं शहरच डोंगराच्या अंगावर आहे. खाली स्टँड, वर टाकी, मधे पायऱ्या आणि वळणं. घरांच्या खिडक्या एकमेकींच्या छपरांवर उघडतात. सकाळभर आम्ही चढत होतो. पाण्याच्या टाकीच्या फाटकाशी दोन शिपाई होते. एक फाटकाच्या आत, खुर्चीवर. दुसरा बाहेर, आमच्याकडे पाठ करून, दरीकडे बघत उभा.

वन्सं थांबल्या. मी दोन पायऱ्या खाली होते, तिथूनच विचारलं, "काय झालं?"

"घडी," त्या म्हणाल्या.

मीही बघितलं. त्या शिपायाचा डावा खांदा वर आलेला होता. उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर, जणू कानाशी काही तरी दाबून धरलंय. पट्टा त्याच खांद्यावर होता. मला आनंद व्हायला लागला आणि मग समजलं की वन्सं पुढं का जात नाहीत. गप्प्याच्या अंगावर त्या घडीनं दोन्ही खांदे सारखे दिसत. डावा असा वर यायचा तर शर्टाच्या आतला खांदा सरळ असायला हवा. शर्ट त्याचा होता. आत दुसरा माणूस होता.

वन्सं पायरीवर बसल्या. पदर नाही, रुमाल नाही, नुसता हात तोंडावरून फिरवला. मी बाटली पुढं केली, त्यांनी घेतली नाही. मग उठल्या आणि या वेळी मागून न जाता सरळ वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, इथं थांबायचं नाही. खाली व्हा."

"जाते. तुला डाव्या खांद्यात टोचतं का रे?"

त्याचा हात पट्ट्यावर होता, तो तिथंच राहिला. गप्प्याच्याच वयाचा असेल, गोल चेहऱ्याचा, नाकावर घाम. "टोचत नाही," तो म्हणाला, "पण मान आखडते. का?"

"शर्ट कुणाचा?"

"सरकारचा."

"त्याच्या आधी कुणाचा होता?"

फाटकाच्या आतला खुर्चीवरून ओरडला, "कोण आहे रे?" यानं न वळता हात वर केला, काही नाही अशा अर्थानं.

"पट्टीच्या आत कापड आहे," वन्सं म्हणाल्या. "चौपदरी. लिफ्टवाल्याच्या कोटाचं. मी घातलंय."

त्यानं खांद्याला हात लावला, चाचपलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा पोलिस उतरला. "तुम्ही गप्प्याची आई?" त्याला तिकडेही गप्प्याच म्हणत होते. मला का कोण जाणे ते ऐकून बरं वाटलं.

त्यानं सांगितलं ते थोडंच होतं. गप्प्या आणि तो एका खोलीत होते, खाटेला खाट लागून. त्या बाजाराच्या दिवशी दोघं एकाच रांगेत होते. पुढच्या आठवड्यात गप्प्यानं बंदूक जमा केली, राजीनामा दिला आणि गेला. कपडे खाटेवर घडी करून ठेवलेले होते. याचा एक शर्ट फाटला होता म्हणून यानं त्यातला एक घेतला, दुसरा कुणी तरी नेला.

"गेला कुठं?" मी विचारलं.

"बोलला नाही. तुम्हाला माहीत आहे ना तो किती बोलतो." मग वन्संकडे बघून म्हणाला, "मला वाटलं घरीच आला असेल."

बाजाराला होऊन किती तरी महिने झाले होते. म्हणजे आम्ही ज्या ज्या शहरांत वणवण केली, त्यातल्या एकाही फाटकावर तो असणं शक्यच नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. दरीतून कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

वन्संनी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी त्याचा पट्टा घसरला नाही ना?"

तो पोरगा खाली बघत म्हणाला, "नाही."

वन्संनी मान हलवली. कारखान्यात तपासनीस माल बघून पुढं सरकवतो, तशी. मग म्हणाल्या, "तुझी पाळी कधी संपते? शर्ट आण. घडी काढून देते, नाही तर मान धरेल तुझी कायमची."

आम्ही खालच्या वळणावर एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो. दुपार कलली तेव्हा तो बनियनवर एक जुना स्वेटर चढवून आला, शर्ट काखेत. वन्संनी डबी उघडली. पट्टीची शिवण त्यांनी टाका टाक्यानं उसवली. घडी बाहेर निघाली. घामानं तिचा रंग बदलला होता, कडा मात्र तशाच सरळ होत्या. मग पट्टी पुन्हा शिवून दिली आणि वरून तिसरं बटण सैल होतं तेही पक्कं केलं. पोरानं शर्ट घालून बघितला.

"बसला," तो म्हणाला.

"आता आमचा दिसतोस," वन्सं म्हणाल्या.

जाताना तो वाकून पाया पडणार होता की काय करणार होता कोण जाणे, मधेच थांबला आणि नुसता सलाम करून वर निघून गेला. वन्सं त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. खांदे सरळ होते.

घरी आल्यावर त्यांनी घडी भाऊजींच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. भाऊजींनी ती उचलली, उलगडली, आपलाच कोट ओळखला. "उसवलीस होय," एवढंच म्हणाले. पुन्हा होती तशी चौपदरी केली आणि टेबलावर ठेवली.

पुढचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. भाऊजींना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवतात.

"आई, जेवलो मी."

"बरं. कुठं आहेस?"

त्यानं एका शहराचं नाव सांगितलं. आम्ही तिथं गेलेलो नव्हतो. "बंदोबस्त आहे," म्हणाला.

भाऊजींनी वन्संकडे बघितलं. वन्संनी टेबलावरची घडी हातात घेतली होती आणि नखानं तिची कड दाबत होत्या, शिवण बसवताना दाबतात तशी.

"पट्टा घसरत नाही ना रे?"

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. कुणी तरी खोकी आपटत होतं.

"नाही आई," गप्प्या म्हणाला. "तुझी घडी आहे ना."

"बरं. जेवत जा."

फोन बंद झाला. भाऊजी उठून गॅलरीत गेले. मी म्हटलं, "वन्सं, विचारायचं तरी. नोकरी सोडली तर सोडली, घरी ये म्हणायचं."

"विचारलं तर फोनही यायचा बंद होईल," त्या म्हणाल्या. "आत्ता निदान आवाज येतो." घडी त्यांनी शिवणाच्या डबीत ठेवली, रिळांच्या खाली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "नोकरीचं खोटं सांगतोय. शहराचं कशाला सांगेल? तुला या शनिवारी जमेल का?"

मला जमलं.

ते शहर सपाट निघालं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना गोदामं, मालाच्या गाड्या उभ्या. स्टँडच्या दाराशीच वाळूची पोती होती आणि त्यामागं बंदुकीवाले. वन्सं त्यांच्यावरून सरळ निघून गेल्या. मान वळवली नाही. पुढच्या चौकात तेच, बँकेपाशी तेच. मला सवयीनं थांबायला व्हायचं, डावीकडे पट्टा दिसला की पाय आपोआप हळू व्हायचे. वन्सं तोवर पुढं गेलेल्या असायच्या. आता त्या बाकीच्यांना बघत होत्या. गाडीतून खोकी उतरवणारे, काचा पुसणारे, सायकलवरून जाणारे, हॉटेलच्या मागच्या दारात भांडी घासणारे. कधी शिडीवरच्या माणसाखाली उभ्या राहायच्या, तो खाली उतरेपर्यंत. पूर्वी निदान गणवेश तरी शोधायचा होता. आता अख्खं शहर होतं.

एका शिपायानं हाक मारली, "काकू, रस्ता चुकलात का?"

"नाही रे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यानं आम्हाला जाऊ दिलं. त्या दिवशी आम्हाला कुणीच हटकलं नाही, पिशवी कुणी उघडायला लावली नाही.

दुपारी आम्ही एका गोदामाच्या भिंतीच्या सावलीत उभ्या होतो. समोरून पाठीवर पोतं घेतलेली माणसं येत होती, एकामागून एक, माना खाली घातलेली. पोतं असलं की सगळ्यांचेच खांदे वाकडे दिसतात. वन्सं कडेला सरकल्या, एकेकाला वाट दिली, पुढं जाऊ दिलं, आणि मग मागे वळून बघत राहिल्या.